मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांचे शेवट जिभेला झेपत नाहीत

घाईगडबड: शब्दाच्या शेवटी जीभ अडखळते. गुरुवारी प्रेझेंटेशन आहे. नियम नकोत, उपाय सांगा. लवकर!

निवांत: कुठले शब्द? सांगाल तर कळेल.

वाचस्पती: आणि ब्रिटिश उच्चार हवेत की अमेरिकन?

घाईगडबड: त्याने काय फरक पडतो? आस्क्ड, मंथ्स, क्लोद्स असले. नीट म्हणायला गेलं की 'आस्केड' होतं.

निवांत: शेवटी -ed असेल तेव्हा मूळ शब्द ट किंवा ड वर संपत असेल तरच 'इड' ऐकू येतं: वॉन्टिड, नीडिड. क, प, फ, स, श, च नंतर नुसता ट्: हेल्प्ट, वॉश्ट, आस्क्ट. बाकी सगळीकडे ड्: कॉल्ड, प्लेड. नेकिड, विकिड हे अपवाद.

खवचट: नियम नकोत म्हणाले होते ते.

सूरपारंबी: प्लंबरमधला ब आणि कर्नलमधला 'र' यावर कोणी बोलेल का? माझा जीव त्यात अडकलाय.

वाचस्पती: वेगळा धागा काढा.

ठसकेबाज: एवढा आटापिटा कशाला? आपला अ‍ॅक्सेंट आहे तसा राहू द्या, लोकांना समजतं.

निवांत: अ‍ॅक्सेंट राहू द्याच. पण 'वॉक्ट'चा शेवट गिळलात तर ऐकणाऱ्याला 'वॉक' ऐकू येतं, भूतकाळच गायब. हा अ‍ॅक्सेंटचा प्रश्न नाही.

ठसकेबाज: 'यस्टरडे' म्हटलं की कळतंच की.

मधुरा_कुठलीशी: शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाला चिकटवा. 'आस्क्ट अस' म्हणजे 'आस्क्-टस'. पुढे व्यंजन असेल तर इंग्रज स्वतःच क खातात, 'आस्ट मी' सर्रास चालतं. क्लोद्सला सरळ 'क्लोझ' म्हणा, दार बंद करतानाचं. 'जवळ' या अर्थाचं 'क्लोस' नव्हे. 'स' लांबवत मध्येच घशातून आवाज काढा, गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर लागते, तोच शेवट. मंथ्सला जीभ दातांत ठेवून तशीच मागे सरकवा. 'मन्त्स' झालं तरी कोणी हसणार नाही.

घाईगडबड: 'आस्क्-टस' जमलं! आता 'टेक्स्ट्स'?

मधुरा_कुठलीशी: दुसरा ट सोडा, 'स' लांबवा. टेक्स्स.

सूरपारंबी: आणि कर्नल?