सासूबाईंना बोटीवर न्यायचंय: एम्प्रेस की एम्व्ही कावरत्ती?

मागवाली_वडगाव

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहते. घरचेच चार माग आहेत, साड्या विणतो. संक्रांत झाली की आठ दिवस माग बंद ठेवायचे आणि बोटीची सहल करायची असं यंदा ठरवलंय. आम्ही चौघं: मी, मालक, अकरावीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ७१.

खरं तर ही सगळी खटपट सासूबाईंसाठीच आहे. त्यांचं माहेर वेंगुर्ला. सात वर्षांच्या असताना वडिलांबरोबर वेंगुर्ल्याहून मुंबईला बोटीनं गेल्या होत्या. बोट बंदराला लागायची नाही, बाहेर नांगर टाकून उभी राहायची, आणि माणसांना पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिथवर न्यायचे. पडाव वर-खाली होत होता, वडिलांनी त्यांना उचलून धरलं आणि वरच्या खलाशानं काखेत हात घालून आत ओढून घेतलं. त्या खलाशाच्या हाताला डांबराचा वास होता, हे त्या आजही सांगतात. लग्न होऊन मला बावीस वर्षं झाली, ही गोष्ट शंभरदा ऐकली असेन. घाटावर लग्न होऊन आल्या आणि मागावर बसल्या, त्या पुन्हा म्हणून बोटीत पाय ठेवला नाही.

आमच्यासमोर दोन बोटी आहेत. एक कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस, मुंबईहून सुटणारी. दुसरी लक्षद्वीप प्रशासनाची एम्व्ही कावरत्ती, कोचीहून. हिच्यावर ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सहल असते. कावरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं दाखवतात, दिवसा बेटावर आणि रात्री झोपायला बोटीत. मुलाला लक्षद्वीपच पाहिजे. मालक म्हणतात, एम्प्रेस मोठी, तीच बरी.

सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीला चालतात, पण जिना चढताना हात धरावा लागतो. सोमवार सोडला तर मासे चालतात, तिखट मात्र बेताचंच. इंजिनाच्या आवाजाची त्यांना काही अडचण नाही, माग बंद पडला की झोपमोड होते त्यांची.

या दोन्ही बोटींवर जाऊन आलेलं कुणी आहे का? आमच्या आजूबाजूला सगळे गोव्यापर्यंतच गेलेले. खर्चापेक्षा म्हातारीला झेपेल का, तेवढं सांगा की.

निपाणीचा_शिक्षक

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी एम्प्रेसवर मुंबई-गोवा-मुंबई केलं. सोबत वडील होते, ७६ वर्षांचे. त्यांना झेपलं. सगळीकडे लिफ्ट, जागोजागी बसायला खुर्च्या, कॉरिडॉरला दोन्ही बाजूंनी धरायला दांडा. मुंबईत आणि गोव्याच्या मुरगाव बंदरात बोट धक्क्यालाच लागते, त्यामुळे गँगवेवरून, म्हणजे बोट ते धक्का अशा फळीच्या पुलावरून, चालत उतरायचं, बाकी काही नाही. जेवण भरपूर, शाकाहारी आणि जैनसुद्धा मिळतं. फक्त वडिलांना तिसऱ्या दिवशी भाकरीची आठवण झाली.

एक चूक आमची झाली ती तुम्ही करू नका. पैसे वाचवायला आतल्या बाजूची, बिनखिडकीची केबिन घेतली. दिवा मालवला की दिवस आहे का रात्र, काही कळायचं नाही. वडील पहाटे तीनला उठून आंघोळीला निघाले होते. वयस्कर माणसाला खिडकीवाली केबिन घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि पैशाचं बोलायचं तर, आमच्या एजंटानं फोनवर सांगितलेला आकडा निव्वळ भाड्याचा होता. बंदराचे पैसे, ग्रॅच्युइटी (बोटीवरच्या नोकरांची बक्षिसी) आणि जीएसटी वेगळे लागले. घरून निघायच्या आदल्या आठवड्यात कळल्यावर जीव वरखाली झाला. आधीच विचारा, “सगळं धरून चौघांचे एकूण किती?” आणि ते लिहून घ्या.

खानापूर_इंजिनरूम

मी ३१ वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता गावी भातशेती करतो. दोन्ही जहाजांबद्दल थोडं सांगतो.

एम्प्रेस नवी नाही. १९९० साली फ्रान्समध्ये सेंट-नाझेरच्या गोदीत बांधली, तेव्हा नाव होतं नॉर्डिक एम्प्रेस. रॉयल कॅरिबियनकडे होती, पुढे एम्प्रेस ऑफ द सीज झाली, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून कॉर्डेलियाच्या नावानं चालते. लांबी २११ मीटर, ग्रॉस टनेज ४८,५६३. हा आकडा वजनाचा नाही हं, जहाजाच्या पोटातल्या एकूण जागेचा आहे. परदेशातल्या आजच्या मोठ्या क्रूझ बोटी हिच्या तिप्पट-चौपट असतात, पण आपल्या किनाऱ्याला ही ऐसपैस आहे. जुनी म्हणून भिऊ नका. जहाजाचं वय पोलादात नसतं, देखभालीत असतं.

कावरत्ती हिची जातच वेगळी. ती विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डात बांधलेली, ७०० प्रवाशांची. मुळात ती बेटावरच्या लोकांची एसटी आहे. दवाखान्याला कोचीला आलेला माणूस, कॉलेजची पोरं, सिमेंटचं पोतं घेऊन निघालेला गवंडी, सगळे तिच्यातूनच येतात-जातात. सहलीचे प्रवासी त्यांच्याबरोबर. पोहण्याचा तलाव, नाचगाणी असलं काही तिथं शोधू नका.

आता मुद्द्याचं. ताई, तुम्ही दोन बोटींची तुलना आतून करताय. डेक किती, जेवण कसं, केबिन केवढी. गुडघेदुखीच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा असतो: या बोटीतून उतरायचं कसं?

लक्षद्वीपची बेटं पोवळ्याची. बेटाभोवती लगून, म्हणजे उथळ पाण्याचा पट्टा, त्याच्या बाहेर पोवळ्याचा कठडा, आणि कठड्यापलीकडे समुद्र एकदम खोल. मोठं जहाज लगूनमध्ये येऊच शकत नाही. ते बाहेर थांबतं आणि माणसं लहान होडीत उतरवतात. तीन बेटं म्हणजे तीनदा उतरायचं आणि तीनदा चढायचं. एम्प्रेसची लक्षद्वीपची फेरी घेतली तरी बेटाशी तेच करावं लागणार. तेव्हा एम्प्रेस का कावरत्ती हे नंतर बघा, आधी धक्का का होडी ते ठरवा.

घरी एक करून बघा. गुडघाभर उंचीचं स्टूल घ्या. सासूबाईंनी दोघांचे हात धरून त्यावर चढायचं आणि न थांबता लगेच उतरायचं. असं सहा वेळा. होडी थांबत नाही, लाट वर आली की त्या क्षणीच पाऊल टाकावं लागतं. विचार करायला वेळ मिळत नाही.

मळमळीचं म्हणाल तर केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर मागा. टोकाला आणि वरच्या मजल्यावर झोका जास्त. गोळी घ्यायची ती निघायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. सासूबाईंना बीपीची वगैरे औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरला विचारून.

शहापूरची_अक्का

मी कावरत्तीवर गेलेय गं! बँकेतून रिटायर झाल्यावर आम्ही मैत्रिणी गेलो होतो. मडगावपर्यंत गाडीनं, तिथून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसनं एर्नाकुलम. आम्हाला चार बर्थची केबिन मिळाली होती. चादरी स्वच्छ. जेवण केरळी पद्धतीचं, भात आणि मासे भरपूर, शाकाहारींना भाजी-सांबार. मला आवडलं.

वरच्या भावांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं. मिनिकॉयला उतरताना जहाजाच्या कुशीतलं दार उघडलं आणि खाली होडी. एकदा दाराच्या बरोबरीला यायची, दुसऱ्या क्षणी हातभर खाली जायची. दोन खलाशी आत, दोन होडीत. ते नुसता हात देत नाहीत, कोपराच्या वर दंडाला धरतात, आणि त्यांनी सांगितलं की पाऊल टाकायचं. माझ्यापुढे एक बाई थबकली, तर त्यांनी तिला मागे घेतलं आणि पुढच्या लाटेला नेलं. घाई नाही, ओरडणं नाही. पण माझे गुडघे तेव्हा चांगले होते. आज जाईन का? नाही.

मुलाला मात्र जरूर पाठव. मिनिकॉयचं दीपगृह १८८५ सालचं आहे, वर चढून गेलं की एका बाजूला लगूनचं फिकं हिरवं पाणी आणि दुसऱ्या बाजूला काळानिळा समुद्र, मधे पांढरी रेघ. तिथले लोक महल नावाची भाषा बोलतात, बाकीच्या बेटांसारखी मल्याळम नाही. कल्पेनीला त्याला पाण्यात मनसोक्त डुंबता येईल.

आणि परवानगीचे कागद लवकर काढ. लक्षद्वीपला आपल्याला परमिट लागतं. आमच्यातल्या एकीचं आधारवर सासरचं नाव, मतदान कार्डावर माहेरचं, आणि रेशन कार्ड कन्नडमध्ये. स्पेलिंग तिन्हीकडे तीन. त्यात पंधरा दिवस गेले. आपल्या भागात घरोघरी हे आहेच, म्हणून सांगते.

निपाणीचा_शिक्षक

अक्का म्हणतात ते कागदांचं एम्प्रेसलाही लागू आहे. तिकिटावर आधारप्रमाणेच नाव टाका, अक्षर न् अक्षर.

मागवाली_वडगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर तुमचं सगळं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. अक्कांचं होडीचं आलं तेव्हा त्या सरळ होऊन बसल्या. म्हणाल्या, “दंडाला धरतात? आमच्या वेळी काखेत हात घालायचे.” आणि लगेच, “मला जमेल ते.”

मग स्टूल आणलं. माझा एक हात, नातवाचा एक. पहिल्यांदा चढल्या, उतरल्या. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी उजवा गुडघा वाकला तो सरळच होईना, आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचकली. कुणी काही बोललं नाही. त्या खाली बसल्या, गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “धक्क्याची बघा.” मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना होडीतूनच चढायचं होतं. पण मी आग्रह केला नाही, आणि खोटा धीरही दिला नाही.

तेव्हा एम्प्रेस ठरली. लक्षद्वीपची फेरी नाही, गोव्याची. मुलगा नाराज नाही, बारावी झाली की त्याला मित्रांबरोबर कावरत्तीनं पाठवायचं कबूल केलंय.

आता अडचण एवढीच की आम्ही चोर्ला घाटातून अडीच-तीन तासांत गोव्याला पोचणारी माणसं. आधी रात्रभर रेल्वेनं मुंबईला जायचं आणि तिथून बोटीनं गोव्याला यायचं, हे पटत नाही. सासूबाईंनीच विचारलं, “बोट इकडून तिकडे जात नाही का? आम्ही मुंबईलाच गेलो होतो ना.” मला काही उत्तर देता आलं नाही. आणि दुसरं विचारताहेत, वेंगुर्ल्यावरून बोट किती वाजता जाते आणि वेंगुर्ला दिसतं का.

खानापूर_इंजिनरूम

मुरगावहून चढून मुंबईला उतरायची फेरी तुमच्या तारखांना आहे का, ते बुकिंगला स्पष्ट विचारा. मिळाली तर चोर्ल्यातून उतरून थेट बंदरावर. परत येताना दादरहून हुबळीची गाडी बेळगाववरूनच येते.

वेंगुर्ल्याचं सांगतो. मुरगावपासून वेंगुर्ला समुद्रातून तीस सागरी मैलांच्या आतबाहेर. जहाज ताशी चौदा-पंधरा मैलांनी चाललं तर बंदर सोडल्यापासून दोन तासांत त्या टापूत येतं. संध्याकाळी सुटली तर अंधार झालेला असेल. जहाज किनाऱ्यापासून बरंच बाहेरून जातं, त्यामुळे गाव काही ओळखू येणार नाही. पण वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडक आहेत, बर्न्ट आयलंड्स, त्यांच्यावर दीपगृह आहे. हवा स्वच्छ असली तर त्याचा प्रकाश लांबूनही फिरताना दिसतो. दिवे दिसायला लागले की डेकवरच्या कुणाही खलाशाला विचारा, तो दाखवेल.

उत्तरेला जाताना जमीन उजव्या हाताला राहते. केबिन घेताना उजव्या बाजूची मागा, स्टारबोर्ड म्हणायचं. आणि डेकवर उभं राहायचं तेही उजवीकडेच. जानेवारीत रात्री वारा थंड असतो, सासूबाईंना शाल आणि कानटोपी असू द्या.

मागवाली_वडगाव

उजवी बाजू. लिहून घेतलं. सासूबाईंनी कपाटातून शाल काढून आत्ताच उन्हात घातलीय.