शब्दचर्चा : 'क्लॉइस्टर'ला ओवरी म्हणावं की सोपा?

इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॉलेजच्या वास्तूवर मराठीत लिहिते आहे. नावात कॉलेज असलं तरी ती शाळा. बिशप विल्यम ऑफ विकम यांनी १३८२ साली स्थापन केली, १३८७ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १३९४ मध्ये मुलं राहायला आली. मुलांच्या खोल्यांनी वेढलेल्या 'चेंबर कोर्ट'ला मी सरळ चौक म्हटलं, काही अडलं नाही.

अडलं ते क्लॉइस्टरपाशी. मधे चौकोनी हिरवळ, तिच्या चारही बाजूंनी छपराखालची वाट आणि हिरवळीकडे उघडणाऱ्या दगडी कमानी. लॅटिन मुळाचा अर्थ बंदिस्त जागा. 'मठ' चालणार नाही, ही शाळा आहे. 'व्हरांडा' म्हटलं की सरकारी बंगला दिसतो. मला 'चौसोपी' सुचतंय. काय वाटतं?

प्रतिसाद : ताई, माझं मत ओवरीला. देवळाच्या प्राकाराला लागून असतात त्या ओवऱ्या. पूर्वी पंतोजींच्या शाळा देवळात, ओवरीत भरायच्या. विंचेस्टरलाही उन्हाळ्यात मुलांना क्लॉइस्टरमध्ये बसवून शिकवत. म्हणून तर तिथल्या उन्हाळी सत्राचं नाव आजही 'क्लॉइस्टर टाइम' आहे. देवाचा शेजार, उघडी हवा आणि धडे, हे सगळं ओवरी या एका शब्दात येतं.

प्रतिसाद : भाव पटला, पण रचना जुळत नाही. ओवऱ्या एकेकट्या असतात. वारकरी एका ओवरीत पथारी टाकतो, शेजारच्या ओवरीत दुसरं बिऱ्हाड. क्लॉइस्टर सलग असतो, चालत निघालं की फिरून त्याच जागी येतो. वाड्यातला सोपा तसाच, खांबांवर उभा आणि चौकाकडून उघडा. चारही बाजूंना सोपे असले की वाडा चौसोपी. मात्र 'चौसोपी' हे वाड्याचं विशेषण आहे. नाम हवं असेल तर 'चौसोपा' करावं लागेल. आणखी एक, दोन कमानींमधल्या भागाला 'खण' म्हणा. सोपा किती खणी, हे आपण खांब मोजूनच सांगतो.

खण! हा शब्द मला सुचायलाच हवा होता, मी 'कमानीचा भाग' असं लिहीत बसले होते. मनापासून आभार.

ओवरीचा मोह मलाही झाला होता. पण एका वाक्याने निकाल लावला. १९४३ ते १९४७ या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेले वेव्हेल याच शाळेचे विद्यार्थी, आणि त्यांना इथल्या क्लॉइस्टरमध्येच पुरलं आहे. 'ओवरीत पुरलं' लिहून पाहिलं, अंगावर काटा आला. 'सोप्यात पुरलं' तर त्याहून वाईट, सोप्यात झोपाळा असतो, पाहुणे बसतात. मग लक्षात आलं की घोळ इंग्रजी शब्दात आहे. क्लॉइस्टर म्हणताना त्यांच्या मनात भोवतालची वाटही असते आणि मधली हिरवळही. मराठीत या दोन जागा आहेत, सोपा आणि चौक. वेव्हेल यांची कबर मधल्या फ्रोमंड चँट्रीशेजारी आहे, म्हणजे चौकात. (चँट्री म्हणजे मृताच्या, इथे फ्रोमंड नावाच्या गृहस्थाच्या, आत्म्यासाठी प्रार्थना चालावी म्हणून बांधलेलं छोटं देवघर. क्लॉइस्टरच्या ऐन मधोमध असं देवघर असणं दुर्मीळ.) उलट 'थॉ. केन १६५६' हे दगडात कोरलेलं नाव सोप्यातलं. हा मुलगा पुढे बिशप झाला.

तेव्हा वाटेला सोपा, हिरवळीला चौक आणि दोन्ही मिळून चौसोपा. हर्बर्ट बेकर यांनी पहिल्या महायुद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेला, १९२४ चा 'वॉर क्लॉइस्टर' आहे, त्याला 'स्मृती-चौसोपा' लिहीन. बेकर म्हणजे नव्या दिल्लीतल्या सचिवालयाचे वास्तुकार.

आता 'चँट्री'ला देवघराहून नेमका शब्द कुणाला सुचतोय का? 'समाधिमंदिर' नको, फ्रोमंड तिथे देव झालेला नाही.