लॅमिनेशनचे किस्से : दुकानाचे, ऑफिसचे, घरचे (अनुभव धागा)

वाणसामान
दिवाळीआधी दुकानाला रंग काढतोय. भिंतीवरचं सगळं खाली उतरवलं तर लक्ष्मीच्या फोटोमागे अप्पांचा जुना गुमास्ता परवाना निघाला. लॅमिनेशन पिवळं पडलंय, कडा सुटल्यात. आणि उजव्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या आत, अप्पांचं हळदीचं बोट. पुड्या बांधता बांधता तसाच उचलून दिला असणार. लहानपणी मी ते थुंकी लावून घासलं होतं, त्याबद्दल मारही खाल्लाय.

खरा घोळ पुढच्या नूतनीकरणाला झाला. शिक्का मारायचा मागच्या बाजूला, आणि मागे प्लास्टिक. कारकुनाने मारून बघितला, शाई धरेना, अंगठ्याने सगळी पुसली गेली. "शेठ, हा कागद राहिला नाही, ताट झालं!" दुय्यम प्रत काढायला तीन हेलपाटे. जुना परवाना अप्पांनी टाकला मात्र नाही.

तुमचेही असतील असे. येऊ द्या.

चहाबाज
ताट झालं!! मेलो.

झेरॉक्सवाली_वहिनी
माझा धंदाच हा, तहसीलसमोर १८ वर्षं. लोक येतात, "ताई, पक्कं करून द्या." मी आधी विचारते, ओरिजिनल आहे का? पुढे कुठे शिक्का लागणार आहे का? निम्मे चिडतात, गिऱ्हाईक परत का पाठवता म्हणून.
एकदा एक ट्रान्सपोर्टवाला वजनकाट्याच्या पावत्या घेऊन आला. पार्टीशी वाद चाललेला, पुरावा जपायचा होता. मी नको म्हणत होते, पोराने तोवर मशीनमध्ये घातली पण. इकडून पांढरी गेली, तिकडून काळी कुळकुळीत. ती पावती थर्मल कागदाची, उष्णतेनेच काळी होते, आणि आमचं मशीन शंभर अंशांच्या वर तापलेलं. तो माणूस माझ्याकडे असा बघत होता जसं काही मी करणी केली. बाकीच्या पावत्यांची आधी झेरॉक्स काढली आणि ती लॅमिनेट करून दिली, फुकट. गिऱ्हाईक अजून येतं.

कोल्हापुरी_तडका
आमचं मिसळीचं हॉटेल. मेनूकार्ड हौसेने चकचकीत लॅमिनेट केलं. ट्यूबलाइट अशी चमकायची की गिऱ्हाईक कार्ड तिरकं धरून वाचायचं. त्यात भाव वाढला की वर स्टिकर. स्टिकरवर स्टिकर, मिसळीचा भाव हाताला लागायचा. आता मॅट करतो आणि भावाची जागा कोरी ठेवतो, मार्करने लिहायचं, स्पिरिटने पुसायचं.

चहाबाज
तांबडा मिळतो का तुमच्याकडे? रविवारी येतोय कोल्हापूरला.

कोल्हापुरी_तडका
मिसळीच्या हॉटेलात तांबडा मागताय होय! या तरी, सांगतो कुठं जायचं.

वाळवंटातला_मावळा
माझ्या डिग्रीचं सांगतो. निकाल लागला त्याच आठवड्यात आईने पदवीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं, बाबांच्या फोटोशेजारी लावलं. सहा वर्षांनी दुबईची नोकरी लागली. अटेस्टेशनला, म्हणजे सर्टिफिकेट खरं असल्याचा शिक्का मारून घ्यायला दिलं, तर एजंटने हातात घेतलं आणि तसंच परत केलं. विद्यापीठातून दुसरी प्रत मागवली, दीड महिना गेला, कंपनीने जॉइनिंग पुढे ढकललं म्हणून निभावलं. आईला खरं कारण अजून सांगितलेलं नाही, "विद्यापीठाची चूक" म्हणालो. लॅमिनेट केलेलं अजून भिंतीवरच आहे.

नवा_गडी
इस्त्री फिरवून लॅमिनेशन निघतं का? घाईत आहे, मार्कशीट आहे.

झेरॉक्सवाली_वहिनी
नाही!!! हात लावू नका. आतला गोंद वितळून कागदात मुरलेला असतो, प्लास्टिक ओढलं की अक्षरं त्याच्यासोबत येतात. बोर्डाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज करा.

मोडीवाली
वहिनींना दुजोरा. मी जुन्या मोडी कागदांच्या जतनाचं काम करते. लोक वाड्यातल्या सनदा लॅमिनेट करून आणतात, तेव्हा पोटात गोळा येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पूर्वी अ‍ॅसिटोन वापरून हाताने लॅमिनेशन करायची पद्धत काढली होती, गरम मशीनशिवाय. पण आता आमच्यात तेही करत नाहीत, आधी विचार पुन्हा उलगडता येईल का याचा. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद), खळ, नाहीतर नुसता पॉलिएस्टरचा पारदर्शक खिसा. कागद हवा तेव्हा बाहेर काढता येतो.
(वाणसामान, ते हळदीचं बोट पुसू नका हं.)

करसल्लागार
ऑफिसात बसून वाचतोय, काम राहिलं. दुकानदारांनो, जीएसटीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावंच लागतं, पण ती प्रिंटच असते. बिनधास्त लॅमिनेट करा, पत्ता बदलला की नवी काढा. गुमास्ताचंही २०१७ च्या कायद्यापासून कामगार थोडे असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. वाणसामानांच्या अप्पांसारखे हेलपाटे आता नाहीत.

चहाबाज
हेलपाटे नाहीत, सर्व्हर डाउन आहे.

घरगुती_डबा
मी छोटं मशीन घेतलं घरी, डब्यांच्या भावपत्रकासाठी. पहिल्याच दिवशी पाऊच उघड्या बाजूने आत घातलं, रोलरला गुंडाळलं. नवरा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला, डबे उशिरा गेले. बंद कड आधी घालायची, कुणीतरी आधी सांगायचं ना! आणि एका पानात डास चिकटलाय, पोळीच्या भावाशेजारी.

झेरॉक्सवाली_वहिनी
इंकजेटची प्रिंट असेल तर नीट वाळू द्या. पावसाळ्यात तर कागद जरा पंख्याखाली ठेवूनच घाला, ओल राहिली की आत बुडबुडे येतात. १२५ मायक्रॉन जाडीचं पाऊच पुरे भावपत्रकाला. हॉटेलवाल्यांनी २५० घ्यावं, पण आधी बघा तुमचं मशीन तेवढं जाड ओढतं का.

घरगुती_डबा
वहिनी, डासाचं काय करू?

झेरॉक्सवाली_वहिनी
नवीन काढा. पोळीचा भावही वाढवा तेवढ्यात.

वाणसामान
पेंटर जेवायला गेलाय म्हणून आत्ता वाचलं सगळं. मोडीवाली, पुसणार नाही. पेंटरला तेवढा एक खिळा ठेव म्हणून सांगितलंय. तो विचारत होता, पिवळं झालंय ते, नवीन लॅमिनेशन मारून आणू का?