अनुभव धागा: एकट्याने वल्हवताना

गोदाकाठी:
ग्रुपने गेलं की फोटो आणि मिसळ यातच सकाळ संपते, म्हणून इथे फक्त एकट्याने कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) घेऊन पाण्यात उतरलेल्यांनी लिहा. कुठे गेलात, काय दिसलं, कुठे फाटली.

माझी जागा नाशिकजवळचा चांदोरी-सायखेड्याचा पट्टा. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा इथवर येतो त्यामुळे गोदावरी जवळपास थांबलेलीच असते. पाणी खाली गेलं की पात्रातली जुनी दगडी मंदिरं उघडी पडतात, पण मला ती अर्धी बुडालेली असतानाच आवडतात, वरचे दगड तेवढे बाहेर आणि त्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले, वल्हं थांबवलं तरी कयाक आपसूक सरकत राहते आणि ते उडतसुद्धा नाहीत. फक्त निफाडची थंडी लक्षात ठेवा, जानेवारीत दांड्यावरून ओघळणारं पाणी थेट बाहीत शिरतं. दांड्यावर रबराच्या चकत्या असतात ना, त्या पात्याकडे सरकवा, पाणी तिथेच गळून जातं.

सिडकोकर:
मी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवाला. एकट्याचं सगळं गणित वाऱ्याचं आहे बघा. सकाळी पाणी गुळगुळीत असतं म्हणून माणूस लांब जातो आणि ऊन चढल्यावर वारा सुटला की फुगवायची कयाक जागच्या जागी गोल फिरायला लागते, कारण ती पाण्यात कमी आणि पाण्यावर जास्त असते. ती सरळ ठेवणारा बुडाचा पंखा, म्हणजे फिन, लावल्याशिवाय उतरूच नका. आणि आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर तोच ढकलत आणतो. दंडाने ओढू नका, कमरेतून वळा, पायाने रेटा. आपल्या चांदवडच्या दत्तू भोकनळचे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचे व्हिडिओ बघा, सगळा जोर पायात.

पाणकोंबडी:
सिडकोकर, ते रोइंग हो! त्यात माणूस पाठमोरा जातो आणि सीट मागेपुढे सरकते. पायाचं मात्र पटलं.

माझा अनुभव थोडा वेगळा, कारण मी एकटी जाते. काठावरून हमखास हाक येते, "ओ ताई, घरचे कुठंयत?" आधी राग यायचा. मग एकदा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडणारे एक काका भेटले, त्यांनीही तेच विचारलं आणि वर म्हणाले, "डावीकडून जा ताई, हिकडं जाळं हाय." मला काहीच दिसत नव्हतं, नीट बघितल्यावर कळलं की मी कचरा समजत होते त्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या एका रांगेत तरंगतायत. तेच जाळ्याचे तरंडे! तेव्हापासून बाटल्यांची रांग दिसली की मी लांबून वळसा घालते आणि काठावर कोणी मासेमार असेल तर आधी त्याच्याशी बोलूनच उतरते. लाईफ जॅकेटचे बक्कल लावलेले हवेत, नुसतं अडकवून काही उपयोग नाही.

रामकुंड_रिटर्न:
शहराच्या खालच्या अंगाला जलपर्णी. हिरवळ समजून शिरू नका. वल्हं मुळांत अडकतं आणि उचलायला गेलं की अख्खा गठ्ठा मांडीवर. वासाबद्दल बोलत नाही.

चष्मेबद्दूर:
चांदोरीवाल्यांनो, खाली अभयारण्याच्या हद्दीत कयाक घालू नका प्लीज. नांदूरमध्यमेश्वर २०१९ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, राज्यातलं पहिलं. हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी तिथे चरायला उतरतात, आपण जवळ गेलो की अख्खा थवा उठतो आणि त्यांची सगळी शक्ती उडण्यातच जाते. त्यापेक्षा चापडगावच्या मनोऱ्यावरून बघा. आणि पावसाळ्यात तर नदीचं नावच काढू नका, वर धरणातून विसर्ग वाढवला की खाली पाणी बघता बघता चढतं.

नवखा_नाशिककर:
एक बाळबोध प्रश्न. प्रवाहाबरोबर खाली गेलो तर गाडी वरच राहते, मग एकट्याने परत कसं यायचं?

गोदाकाठी:
म्हणूनच तर आम्ही सगळे फुगवट्यात नाहीतर बॅकवॉटरला जातो! वाहतं पाणी नाही, जिथे उतरलो तिथेच परत. खाली जायचंच असेल तर मित्राला मिसळीची लाच देऊन गाडी घेऊन बोलवा.