भाड्याच्या घरातील ओल आणि सांडपाणी: तपासणीसाठी तक्रार करावी का?

प्रश्न

नमस्कार. आम्ही दोन वर्षांपासून राहत असलेल्या भाड्याच्या घराविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. चार कुटुंबांना मिळून एकच शौचालय आहे, मोरीचा पाइप तुंबला की सांडपाणी उलटे फिरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि निजायच्या खोलीत कपाटामागची भिंत बुरशीने काळी पडली आहे. घरमालकांनी मागे त्या भिंतीला रंग दिला होता. महिन्याभरात रंगाला फुगे आले, आणि आता बोट लावले तरी आतून पिठासारखी भुकटी गळते. आमची मुलगी दहा महिन्यांची आहे व तिचा खोकला हटत नाही. लेखी तक्रार केल्यास निरीक्षक नेमके काय पाहतात? त्यातून घर सुधारते, की शेवटी आम्हालाच घर सोडावे लागते?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे स्वच्छता निरीक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. तक्रार अवश्य करा, पण तक्रारीत ‘घर अस्वच्छ आहे’ एवढेच लिहू नका, कारण अशा अर्जावर ‘साफसफाई करून घ्यावी’ असा शेरा मारून प्रकरण बंद करणे फार सोपे असते. काय, कुठे, केव्हापासून आणि कोणत्या दिवशी घडले, हे तारखांसह लिहा व छायाचित्रे जोडा.

चांगला निरीक्षक डाग पाहून थांबत नाही, तो ओल येते कुठून हे शोधतो. डाग जमिनीपासून वर चढत गेलेला असेल, त्याची वरची कडा पांढुरकी असेल आणि गिलाव्याची भुकटी होत असेल, तर ओल बहुधा पायातून येते आणि भुकटी हे त्या पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचे लक्षण असते. डाग एकाच जागी गोल पसरत असेल, तर भिंतीतला नळ किंवा वरची मोरी गळत असण्याची शक्यता अधिक. सगळे नळ बंद करूनही पाण्याच्या मीटरचा काटा फिरत असेल, तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे, हे घरच्या घरीही तपासता येते. काळेपणा फक्त थंड कोपऱ्यात आणि कपाटामागे असेल, तर खोलीतली वाफ बाहेर जायला वाट नाही. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि रंग हा यांपैकी कशाचाच उपाय नाही.

सांडपाण्याचा मुद्दा मात्र मी अर्जात सर्वांत वर घेईन. ज्या घरात मूल रांगते, तिथे मैलमिश्रित पाणी जमिनीवर येणे हा तातडीचा धोका आहे.

प्रतिसाद २

घर सोडावे लागण्याची आपली भीती अगदी खरी आहे, आणि माझ्या मते तपासणीची व्यवस्था सर्वाधिक वेळा इथेच फसते. तक्रारदाराला संरक्षण नसेल, तर ज्यांची घरे सर्वांत वाईट तेच लोक गप्प बसतात. इंग्लंडमधील 2004 च्या गृहनिर्माण कायद्यानुसार निरीक्षक घरातील 29 प्रकारचे धोके तपासतात, आणि त्या धोक्याने ज्या वयोगटाला सर्वाधिक इजा होऊ शकते तो गटच तिथे राहतो असे धरून मोजमाप करतात. गंभीर धोका आढळल्यास कारवाई करणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक असते. तरीही घर खाली करायला लावण्याचे प्रकार थांबले नाहीत. म्हणून 2015 च्या कायद्याने, सुधारणेची नोटीस बजावल्यावर सहा महिने घरमालकाला विनाकारण घर खाली करून घेता येणार नाही, अशी तरतूद करावी लागली.

दुसरा मार्ग म्हणजे तक्रारीची वाट न पाहता ठरावीक काळाने सर्वच भाड्याची घरे तपासणे. त्यात कोणा एका भाडेकरूचे नाव पुढे येत नाही. आपल्या भागात तशी व्यवस्था नसेल, तर चारही कुटुंबांनी एकत्र सही करावी. निदान रोष एकाच घरावर येणार नाही. भाडे थांबवू नका, कारण मग वाद थकबाकीचा होतो आणि ओल बाजूला राहते.

प्रतिसाद ३

मी घरमालक आहे आणि मलाही अशी नोटीस आली होती. पहिल्या नोटिशीत ‘दुरुस्ती करावी’ इतकेच होते, तेव्हा मी मनापासून भिंत रंगवून घेतली आणि पैसे वाया गेले. दुसऱ्या वेळच्या निरीक्षकांनी सांडपाण्याच्या पाइपचा उतार, तुटलेला जोड आणि बंद केलेला झरोका अशा बाबी मुदतीसह लिहून दिल्या, व मुदत संपल्यावर ते पुन्हा येऊन पाहून गेले. ती दुसरी फेरी ठरलेली होती म्हणूनच काम पुरे झाले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तक्रारीत फेरतपासणीची तारीख आवर्जून मागा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल कपाट हलवून पाहिले. डाग जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत चढला आहे आणि वरच्या कडेला पांढरी रेघ स्पष्ट दिसते. मुलीचे अंथरूण समोरच्या भिंतीकडे नेले आहे. शेजारच्या दोन कुटुंबांनी सही दिली, तिसऱ्यांशी आज बोलणार आहे. अर्जाची पोच घेऊन फेरतपासणीची तारीख मिळाली की इथे कळवीन.