विषय: साइटवरची शिरोरेषा आणि गायब फोटो

नमस्कार मंडळी,
काल साइट उघडली. नवं रूप झकास आहे, पण मथळ्यांतली अक्षरं सुटी सुटी दिसतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतोय. आणि गणेशोत्सवाच्या पानावर फोटोंऐवजी चौकोनी कंसात भलतंच काहीतरी. जुने फोटो उडाले का?
– एक माजी चिटणीस

काका, नमस्कार.
काही उडालेलं नाही. आपली साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर आहे. मजकूर डेटाबेसमध्ये असतो, फोटो त्यांच्या फोल्डरमध्ये. तो ऐवज कसा मांडायचा, एवढंच थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा साचा, ठरवते. २००५च्या १.५ आवृत्तीत थीम आल्या, तेव्हापासून हीच वाटणी. आपल्या जुन्या थीमने मात्र गॅलरीची सोय स्वतःच्याच पोटात ठेवली होती. थीम बदलली, गॅलरी दाखवणारं कोणी उरलं नाही, मागे नुसता शॉर्टकोड, म्हणजे गॅलरीची चौकोनी कंसातली खूण, राहिला. शनिवारी गॅलरी प्लगइनमध्ये, म्हणजे थीमपासून वेगळ्या जोडणीत, हलवते, म्हणजे पुन्हा थीम बदलली तरी फोटो जागेवर राहतील.

शिरोरेषेचं दुखणं वेगळं. ही थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलीय. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलंय. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, आपल्याकडे प्रत्येक अक्षराला वेगळं छप्पर येतं! ओळींतलं अंतरही इंग्रजीपुरतंच. वर तिच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे ज्याच्या फोनमध्ये जो फॉन्ट असेल तो दिसतो. माझ्या आईला आणि मला एकच पान निरनिराळं दिसत होतं. आता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' फॉन्ट घालतेय, तो मोफत आहे आणि त्यात रोमनही आहे. लेटर-स्पेसिंग शून्य, ओळींचं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पटीवरून १.७ पट. हे सगळं चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या थीममध्ये, करतेय, कारण मूळ फायलींत केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात.

डेमो इंग्रजीत बघून आपण भाळलो, ही समितीची चूक. मीही त्यात होतेच.
– वेबसाइट समिती

ताई,
समजलं. १.७ थोडं जास्तच नाही का? फोनवर कार्यक्रमाची तारीख पार खाली जाईल. आणि मेनूत वर्गणीचं पान दिसत नाही, तेही थीममुळेच?

हो काका. पान आहे, पण नव्या थीममध्ये मेनूची जागा पुन्हा नेमावी लागते. आत्ताच नेमली, बघा. मथळ्यांना १.४ करून पाहते, परिच्छेदांना १.७ राहू दे.