बॅटरीआधी आरपीएमचा काटा बघा

वर बऱ्याच जणांनी बॅटरी बदलायला सांगितलंय, पण धागाकर्त्याने लिहिलंय की गाडीचा स्टार्टर जोमात फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही. मग बॅटरीवर संशय कशाला? किल्ली 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची एक-दोन सेकंद घरघर येते का ते ऐका. इमोबिलायझरचा (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहत असेल तर बॉनेट उघडूच नका, आधी दुसरी किल्ली लावून बघा.

हे ठीक असेल तर स्टार्टर मारताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा, काटा बघा. तो जागचा हलत नसेल तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवर. (काही गाड्यांत तो तेव्हा हलतच नाही, म्हणून हा इशारा समजा, पुरावा नव्हे.) गाडी तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर निमूट सुरू होणं, हेही बहुधा त्याचंच लक्षण, नाहीतर कॉइलचं (प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारा भाग). प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर सगळ्या एकदम जाणं दुर्मीळ. मग फ्यूज आणि रिले (विजेने चालणारे स्विच) तपासा.

आणि प्लगची वायर हातात धरून स्पार्क बघायचा सल्ला कृपया देऊ नका. कॉइलमधून २०,००० व्होल्टहून जास्त दाब सहज निघतो.